मयतरावांचा चेहरा

चित्रपट संग्रहालयाच्या पायऱ्या चढताना नकाशेबाईंनी आपला संशोधनाचा विषय मनातल्या मनात पुन्हा एकदा घोकला. 'चित्रपटांतील अबोल दुय्यम भूमिका : एक अभ्यास.' विषय भाचीनं काढून दिला होता. भाची कॉलेजात शिकवायची, असले विषय तिला झोपेतही सुचायचे. बाईंची उभी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेली. नद्या, वारे आणि डोंगररांगा सोडून त्यांनी कशाचा म्हणून अभ्यास केला नव्हता. मुलांनी ठेवलेलं नकाशेबाई हे नाव मात्र निवृत्तीनंतरही गल्लीभर चालू होतं.

"कुणी विचारलंच तर काय सांगू?" त्यांनी आदल्या दिवशी भाचीला विचारलं होतं.

"सांग, ज्यांच्या तोंडी एकही वाक्य नसतं अशा नटांवर काम करतेय. खोटं थोडंच आहे?"

"निम्मं खोटंच आहे."

"मावशी, नियमच आहे त्यांचा. संशोधक नसेल त्याला जुनी रिळं दाखवत नाहीत. गेल्या खेपेला तुला दारातूनच परत पाठवलं ना?"

पाठवलं होतं खरं. "सिनेमा बघायचाय तर थिएटरात जा की आजी," असं दारावरचा माणूस म्हणाला होता, आणि बाई मुकाट्यानं परत आल्या होत्या. त्यांना बघायचे होते ते सिनेमे आता कुठल्याही थिएटरात, कुणाच्याही फोनवर मिळण्यातले नव्हते. मुळात लागले तेव्हाही ते आठवडाभर टिकले नव्हते.

या वेळी भाचीच्या कॉलेजचा शिक्का कामाला आला. संग्रहालयाची अधिकारी तिशीची, काटक मुलगी होती. तिनं बाईंना समोर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "विषय छान आहे. यावर फारसं कुणी लिहिलेलं नाही. तुम्ही निवडलेल्या तीन चित्रपटांत काही समान धागा आहे का?"

"आहे," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या. वर्गात उत्तर न येणारं पोर जसं फळ्याकडे बघत बसतं, तशा त्या भिंतीकडे बघत होत्या. अधिकारी मुलीला घाई होती. तिनं जास्त ताणलं नाही.

समान धागा एकच होता. तिन्ही चित्रपटांत बाईंचे यजमान मेले होते.

यजमान पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आराखडे काढायचे. सरळमार्गी, कमी बोलणारा माणूस. त्यांचा एक मित्र स्टुडिओत सामानसुमान मांडायच्या कामाला होता. एकदा चित्रीकरणात प्रेत व्हायला बोलावलेला माणूस आलाच नाही, तेव्हा मित्रानं यांना सुट्टीच्या दिवशी घरातून ओढून नेलं. हे जमिनीवर आडवे झाले ते झालेच. नाकावर माशी बसली, दिव्यांनी अंग भाजून निघालं, नायिका अंगावर पडून रडली, पण यांची पापणी हलली नाही. दिग्दर्शक खूश. तेव्हापासून मढ्याचं काम निघालं की यांना निरोप यायचा. स्टुडिओतले लोक त्यांना 'मयतराव' म्हणायचे, आणि त्यांनाही ते नाव बिरुदासारखं वाटायचं.

बाईंना मात्र हे अजिबात खपायचं नाही. "असलं अभद्र काम कशाला करता हो?" त्या म्हणायच्या.

"अगं, बोलायचं काम कुणीही करेल. गप्प पडून राहायला दम लागतो."

"लागतो की रोखावा लागतो?"

"रोखावा लागतो, म्हणूनच तर लागतो."

ते घरी सराव करायचे. एकदा बाई शाळेतून आल्या तर हे स्वयंपाकघराच्या दारात डोळे उघडे टाकून पडलेले. बाईंच्या हातातली पिशवी गळून पडली, बटाटे घरभर गेले. यांनी उठून हसत हसत बटाटे गोळा केले, पण बाईंनी मग कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला. त्यानंतर घरातला सराव बंद झाला. बाईंनी यांचा एकही चित्रपट पाहिला नाही, त्यांनीही आग्रह केला नाही. वयानं गुडघे दुखायला लागले, फरशीवर पडून राहणं जमेना, तसं ते कामही आपोआप सुटलं.

मग ती साथ आली. ताप चढला तेव्हा हे स्वतःच्या पायांनी जिना उतरून रुग्णवाहिकेत बसले. बसताना वळून म्हणाले, "दूध तापवलं नाहीये, नासेल बघ." बाईंनी दूध तापवलं, आणि पुढच्या दोन दिवसांत त्यांनाही ताप भरला. त्यांना दुसऱ्याच इस्पितळात ठेवलं. फोनवर यांचं बोलणं रोज थोडं थोडं कमी होत गेलं. एक दिवस फोन कुणा परक्या बाईनं उचलला. बाई घरी परत आल्या तोवर सगळं आटोपलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं. भाची तेवढी स्मशानाच्या फाटकाबाहेर उभी राहू शकली होती, आणि तिलाही लांबून एक बांधलेली पिशवी दिसली, बस.

बाई रडल्या नाहीत. लोक म्हणाले, फार खंबीर आहेत. खंबीरपणा कसला? त्यांना ते खरंच वाटलं नव्हतं. डोक्याला सगळं कळत होतं, पण नळदुरुस्तीवाल्यानं "साहेब आहेत का?" म्हणून विचारलं तर तोंडून निघायचं, "बाहेर गेलेत, येतील एवढ्यात." हे वर्ष तिसरं. एका संध्याकाळी त्या भाचीला म्हणाल्या, "माणूस इतक्या वेळा मेला आणि मी एकदाही बघितला नाही गं. शेवटचं तोंडसुद्धा दिसलं नाही." भाचीनं मान वर केली. "मग बघू या की," ती म्हणाली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

बघायची खोली तळघरात होती, लहान आणि गार. मध्ये एक मोठं लोखंडी टेबल, त्यावर गोल तबकड्या आणि टीचभर पडदा. टेबल चालवणारा माणूस पन्नाशी उलटलेला, हातात पांढरे सुती मोजे घातलेला. सगळे त्याला टेबलदादा म्हणत. थंड खोलीतून काढलेली रिळं आदल्या दिवसापासून बाहेर ठेवली होती.

"एकदम गरम हवेत आणली की दव धरतात," टेबलदादा म्हणाला. "माणसांसारखंच. बसा ताई. कुठे थांबवायचं ते सांगा."

पहिल्या चित्रपटात नदीतून एक बुडालेला माणूस काढत होते. बाई पुढे सरकल्या. चार माणसांनी त्याला काठावर आणून ठेवलं ते पालथं. भिजलेला सदरा, मानेवर चिकटलेले केस. पोलिसानं काठीनं खांदा हलवला, आणि चित्र बदलून नायकाच्या घरी गेलं.

"जरा मागे घेता?"

टेबलदादानं रीळ मागे घेतलं. माणसं प्रेत घेऊन उलट्या पावलांनी नदीत शिरली. पुन्हा बाहेर आली. सदरा ओळखीचा होता, बाईंनीच शिवलेला. तोंड मात्र वाळूत.

दुसऱ्या चित्रपटात रस्त्यावर अपघात झाला होता. गर्दी, गाडीचं फिरणारं चाक आणि चादरीखाली एक आकार. चादरीबाहेर पावलं राहिली होती. उजव्या अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब. बाईंनी ती पावलं पुन्हा पुन्हा मागवली. चादर काही वर उचलली गेली नाही.

टेबलदादानं बटणावरचा हात काढला. "ताई, रागावू नका. इथे पुष्कळ अभ्यासक येतात. कुणी कपडे बघतं, कुणी गाणी बघतं. तुम्ही मघापासून नुसती मढीच बघताय."

बाईंनी पडद्यावरच्या पावलांकडे बोट केलं. "ते आमचे हे आहेत."

टेबलदादानं विचारलं, "आहेत?"

"नाहीत," बाई म्हणाल्या. मग त्यांनी साथीचं, बांधलेल्या पिशवीचं आणि विषय भाचीनं काढून दिल्याचं, सगळं एका दमात सांगून टाकलं. सांगताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसा. "तिसऱ्यात शेवटच्या प्रसंगात तोंड दिसतं," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यात ते नायिकेचे वडील आहेत. ती बराच वेळ रडते. एवढंच एक काम घरी येऊन पुन्हा पुन्हा सांगायचे. त्या दिवशी केसांना पांढरी पावडर तशीच घेऊन आले होते. मी दारातच ओरडले, आधी धुऊन या म्हणून."

टेबलदादानं तिसऱ्या चित्रपटाचे डबे पुढे ओढले. एकेक उघडत गेला, आणि शेवटच्या डब्याशी थबकला. झाकण उघडताच खोलीभर आंबूस, नाकात चढणारा वास पसरला.

"हे नाही चालायचं," तो हळूच म्हणाला. "सडलंय ताई. फिल्म आक्रसलीये. या टेबलावर चढवली तर दात्यांत अडकून फाटेल. यावर 'दाखवू नये'ची चिठ्ठी हवी होती. कशी राहिली कोण जाणे."

"आणि त्यांचा प्रसंग?"

"शेवटचा ना? म्हणजे यातच."

बाई उठल्या आणि वर अधिकारी मुलीच्या खोलीत गेल्या. टेबलदादा मागोमाग आला. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. आपण संशोधक नाही, कधीच नव्हतो, हे पहिल्याच वाक्यात सांगितलं.

मुलीचा चेहरा उतरला. "मग आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आत सोडलं असतंत?"

"नाही," ती म्हणाली. "पण हे बघा, मागे एका साहेबांच्या हट्टापायी अशीच एक प्रिंट फाटली. तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. संपली ती, कायमची. याचीही दुसरी नाही. मी तुम्हाला हो म्हटलं आणि तुमच्याच डोळ्यांदेखत त्यांचा तुकडा पडला, तर?"

मुलगी बरोबरच बोलत होती. त्यांनी पर्स उचलली, "बरं" म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या. खरं तर त्यांना सुटल्यासारखंही वाटलं. पाहायचंच नसेल तर घरी जाऊन पुन्हा तसंच, 'येतील एवढ्यात' म्हणत राहता आलं असतं.

"मॅडम," टेबलदादा म्हणाला, "त्या रिळाची तपासणी नाहीतरी करावीच लागेल. ती मी बाकावर हातानंच करणार. खाली दिवा, वर भिंग. हातानं उलगडायला काही होत नाही."

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं टेबलावरचे मोजे उचलून बाईंच्या हातात दिले. "फिल्मला हात लावायचा नाही. मोजे घातले तरी नाही. नुसतं शेजारी उभं राहायचं." मग म्हणाली, "मी पण येते."

तपासणीचा बाक शेजारच्या खोलीत होता. दोन टोकांना हातानं फिरवायच्या चकत्या आणि मध्ये दुधी काच, तिच्याखाली दिवा. टेबलदादानं फिल्मचं टोक अलगद सोडवलं. ती सरळ राहात नव्हती, कडांनी लाटा आल्या होत्या. तो इंचाइंचानं उलगडत गेला. काचेवर बोटाच्या पेराएवढी चित्रं एकाखाली एक सरकत होती. सगळी गुलाबी.

"निळा आणि हिरवा आधी उडतो," तो पुटपुटला. "लाल तेवढा मागे राहतो."

मग तो थांबला. भिंग काचेवर ठेवून बाजूला सरला.

बाई वाकल्या. आधी काहीच दिसेना, मग एका डोळ्यानं नीट दिसायला लागलं. खाट, खाटेशी गुडघे टेकून बसलेली नायिका, आणि उशीवर हे.

बाई पाहायला आल्या होत्या तो पस्तिशीतला माणूस. उशीवर होता तो सत्तरीकडे झुकलेला. रंगभूषा करणाऱ्यानं डोळ्यांखाली सावल्या काढल्या होत्या, गाल आत ओढले होते, केस पांढरे केले होते. कुणा अनोळखी कारागिरानं एका दुपारी अंदाजानं जे रंगवलं होतं, तिथे हे पुढे आयुष्यभर चालत जाऊन पोचले होते. चुकलं होतं ते एवढंच, की त्यानं केस जरा जास्तच ठेवले होते. शेवटी शेवटी यांच्या डोक्यावर एवढे केस नव्हते.

"पुढे घेऊ?"

"घ्या."

पुढचं चित्र. तेच. त्याच्या पुढचं. नायिकेचा हात किंचित वर आलेला. पुढे तो छातीवर, मग खांद्यावर. तिचं तोंड उघडं होतं, पण खोलीत आवाज फक्त चकतीचा. बाई यांच्या छातीकडे बघत होत्या. रंग उडून सगळं गुलाबी झाल्यामुळे ते नुकतेच आंघोळ करून पडल्यासारखे ताजे दिसत होते, आणि बाईंना वाटत होतं, आता कुठेतरी श्वास सापडेल. सदऱ्याची घडी हलेल. नाकपुडी फुलेल. हा आपला माणूस झोपेत किती चुळबुळ करायचा ते आपल्याला ठाऊक नाही का? त्यांनी चित्रामागून चित्र पाहिलं. नायिका हलली, केस सुटले, खिडकीतला पडदा हलला. हे हलले नाहीत. कुठेच नाही.

"दादा, मागे घ्या. सुरुवातीपासून."

त्यानं घेतलं. बाईंनी पुन्हा एकेक चित्र शोधलं. अधिकारी मुलगी पाठीमागे उभी होती. तिनं आपला हात बाईंच्या पाठीवर ठेवला होता, हे बाईंना नंतर आठवलं.

"नाहीये," बाई म्हणाल्या.

"काय नाहीये ताई?"

"श्वास."

आणि त्या रडायला लागल्या. आधी आवाज आला नाही, नुसते खांदे हलले. मग पोटाच्या तळातून असा हुंदका आला, की टेबलदादानं पटकन फिल्मवर हात आडवा धरला, पाणी पडू नये म्हणून. बाई भिंतीला टेकल्या आणि खाली बसल्या. मोजे घातलेल्या हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं. मुलगी त्यांच्या शेजारी फरशीवरच बसली. "रडा," म्हणाली.

बऱ्याच वेळानं बाईंनी विचारलं, "हे पुन्हा बघायला मिळेल?"

मुलीनं टेबलदादाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. "प्रत काढण्याच्या पलीकडे गेलंय ताई. आणखी काही महिन्यांनी नुसता चिकट गोळा होईल. याची सड शेजारच्या रिळांना लागते, मग बाकीची वाचवायला हे रीळ गोदामातून बाहेर काढून टाकावं लागतं."

"म्हणजे तेही जाईल."

"हो."

बाईंनी मोजे काढले, बोटं नीट जुळवून घडी घातली आणि मुलीच्या हातात दिले.

बाहेर फाटकाजवळ एक बाक होता. त्यावर बसून त्यांनी भाचीला फोन लावला. पलीकडे कॉलेजचा गलका ऐकू येत होता.

"हं मावशी, झालं का? दिसले का काका?"

बाईंनी तोंड उघडलं.

"अगं," त्या म्हणाल्या, "तुझे काका गेले."

पलीकडचा गलका तसाच चालू राहिला. भाचीनं 'काय बोलतेस' म्हटलं नाही, 'तीन वर्षं झाली' असंही म्हटलं नाही. तिनं फक्त विचारलं, "तू कुठे आहेस?"

"बाहेर. बाकावर."

"एकटी आहेस? तिथेच बस. मी निघालेच."

ती आली ती पुढचा तास सोडून, हाताला खडू तसाच. शेजारी बसली आणि तिनं मावशीला जवळ घेतलं. बाईंनी तिला सगळं सांगितलं. खाट कशी होती, उशी कशी होती, हात छातीवर नव्हते, अंगाशी सरळ ठेवलेले होते. डोळे मिटलेले होते. दाढी केलेली होती.

"तोंडावर त्रास दिसत नव्हता गं," त्या म्हणाल्या. "अगदी शांत होते."

त्यावर भाचीला रडू फुटलं. स्मशानाच्या फाटकाबाहेर उभी राहिली त्या दिवसापासून धावपळ तिनंच केली होती, रडायला तिलाही सवड झाली नव्हती. आता बाई तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. रस्त्यावरून माणसं जात होती. कुणी वळून बघत होतं, कुणी बघून न बघितल्यासारखं करत होतं.

संध्याकाळी संग्रहालय बंद झालं. टेबलदादा खांद्याला पिशवी लावून बाहेर आला. दोघींना पाहून थबकला, निघून जावं की काय अशा विचारात जरा घुटमळला, मग बाकाशी येऊन उभा राहिला.

"ही माझी भाची," बाई म्हणाल्या.

त्यानं मान हलवली. "तुमची बस कुठली?" त्यानं विचारलं. भाचीनं सांगितली. ती त्याच्या वाटेवरची नव्हती, तरी तो म्हणाला, "चला, थांब्यापर्यंत येतो." बाई उठल्या. गुडघे आखडले होते, म्हणून त्यांनी एका हातानं भाचीचा दंड धरला, आणि तिघं हळूहळू चालायला लागली.